नाव एकच, मग तीन लाखांचा फरक कशाचा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे बेळगावात नोकरीला आहेत आणि रोज जाऊन-येऊन ६२ किलोमीटर प्रवास करतात. जुनी पेट्रोल गाडी काढून टाटाची टियागो ईव्ही घ्यायचं घरात ठरलं आहे, पण कुठलं व्हर्जन घ्यायचं यावर घोडं अडलं आहे. कोल्हापूरला शिकणारा मुलगा म्हणतो, टॉप मॉडेल घ्या आणि ७.२ किलोवॅटचा फास्ट चार्जरही घ्या. मेव्हणे म्हणतात, रोजच्या साठ किलोमीटरला मोठी बॅटरी कशाला, सगळ्यात स्वस्त घे. शेजाऱ्यांच्या मते एमजी कॉमेटचं ‘एफसी’ मॉडेल छोटं, सुटसुटीत आणि फास्ट चार्जिंगचं आहे. चंदगडचा चुलतभाऊ म्हणतो, कोल्हापूर पासिंग कर, स्वस्त पडेल. घरात ८५ वर्षांची, गुडघेदुखीने त्रासलेली आई आहे. महिन्यातून एकदा कोल्हापूर आणि वर्षातून दोन वेळा चोर्ला घाटातून गोव्याला कुलदेवतेला जाणं होतं. गाडी गोठ्याच्या शेडमध्ये उभी राहील, तिथे विहिरीच्या पंपाची लाईन आलेली आहे. ‘इथे दोनशे युनिट वीज फुकट आहे, म्हणजे खर्च शून्यच धरतो,’ असं लिहून ते शेवटी विचारतात: ‘टॉप मॉडेल घेतलं नाही म्हणून पुढे पस्तावायची वेळ येईल का?’

सल्ला

नमस्कार,

तुमच्या घरातल्या प्रत्येकाचं म्हणणं थोडंथोडं बरोबर आहे, म्हणून तर निर्णय होत नाही. पण सगळे एक गोष्ट धरून चालले आहेत: व्हर्जन म्हणजे जिन्याच्या पायऱ्या आणि वरच्या पायरीवर सगळंच जास्त चांगलं. पेट्रोल गाडीत हे बऱ्यापैकी खरं असतं, कारण तिथे खालपासून वरपर्यंत इंजिन आणि टाकी बहुतेक तीच असते आणि वाढत जाते ती सजावट. इलेक्ट्रिक गाडीत एका नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू एकत्र बांधून विकल्या जातात. पहिली बॅटरी, दुसरी गाडीच्या आत बसवलेला चार्जर आणि तिसरी सजावट-सोयी. त्या सुट्या करून पाहिल्या की कोडं सुटतं.

ही गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये आली तेव्हाची एक्स-शोरूम किंमत घेऊ, कारण त्या यादीत हे तुकडे स्पष्ट दिसतात. सगळ्यात खालची ८.४९ लाख, सगळ्यात वरची ११.७९ लाख. फरक ३ लाख ३० हजारांचा. एक्सई (सगळ्यात खालचं व्हर्जन) वरून त्याच्या वरच्या एक्सटी वर जायला ६० हजार, ती सजावट. एक्सटी लहान बॅटरीवरून एक्सटी मोठ्या बॅटरीवर जायला ९० हजार, ती बॅटरी. तिथून एक्सझेड प्लसला ८० हजार आणि टेक लक्सला आणखी ५० हजार, ही पुन्हा सजावट. शेवटचे ५० हजार ७.२ किलोवॅटच्या चार्जरचे. म्हणजे तीन लाख तीस हजारांतले एक लाख नव्वद हजार सीट, स्क्रीन, चाकं, कॅमेरा यांचे होते. गाडी किती लांब जाईल आणि किती वेळात भरेल याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. किमती नंतर खाली आल्या, नावंही बदलत असतात, पण आज शोरूमने दिलेला कागद घेऊन तुम्ही स्वतः अशीच वजाबाकी करा. दोन ओळींमध्ये फक्त एकच गोष्ट बदलते अशा जोड्या शोधा. त्या फरकाला त्या वस्तूची खरी किंमत समजा.

बॅटरीचं आधी बोलू, कारण ती एकदा घेतली की नंतर बदलत नाही. लहान बॅटरी १९.२ युनिटची (मिडियम रेंज, कागदावर एमआर), मोठी २४ युनिटची (लाँग रेंज, एलआर). कंपनीने सुरुवातीला सांगितलेले आकडे होते २५० आणि ३१५ किलोमीटर. ते प्रयोगशाळेतल्या रोलरवर, एसी बंद ठेवून, शहरी संथ वेगाने काढलेले असतात. आपल्या रस्त्यावर, एसी लावून, दोन-तीन माणसं बसवून एका युनिटला सात-साडेसात किलोमीटर धरा. हायवेला ८०-८५ च्या वेगाने आणि चार माणसांनिशी पावणेसात धरा. बॅटरी दहा टक्क्यांच्या खाली नेऊ नये असं मानलं तर लहान बॅटरीतून हायवेला ११५-१२० आणि मोठीतून १४५ किलोमीटर हाती लागतात.

रोजच्या ६२ किलोमीटरला लागतात साधारण साडेआठ युनिट. म्हणजे मेव्हणे रोजच्या हिशेबात चुकत नाहीत, लहान बॅटरी अर्धीसुद्धा संपणार नाही. पण पुढचा हिशेब त्यांनी केलेला नाही. बॅटरी वयाप्रमाणे झिजते. कंपनीची हमी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची आहे. झीज वीस टक्के धरली तर २४ चे ८० टक्के होतात बरोबर १९.२. मोठी बॅटरी म्हातारी झाल्यावर जिथे पोहोचते, तिथून लहान बॅटरी आयुष्याला सुरुवात करते. तुम्ही ही गाडी दहा वर्षं ठेवणार असाल, आणि पत्राच्या सुरावरून ठेवणार असं वाटतं, तर हा फरक आजपेक्षा सातव्या वर्षी जास्त जाणवेल.

दुसरी गोष्ट चोर्ला घाटाची. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे आणि परतीला गोव्यातल्या साखळीच्या बाजूने ही सगळी चढण गाडीलाच चढायची आहे. चार माणसांसह साडेचौदाशे किलो वजन ८०० मीटर उचलायला, मोटरमधली गळती धरून, साडेतीन युनिट लागतात, आणि तेही पुढे जाण्यासाठी लागणाऱ्या विजेच्या वर. लहान बॅटरीचा जवळजवळ पाचवा हिस्सा फक्त उंची चढण्यात जातो. जाताना उतारावर यातलं दोन-एक युनिट परत मिळतं (रिजनरेशनची, म्हणजे उतारावर मोटरनेच गाडी रोखून वीज परत भरण्याची, पातळी ३ ठेवा, ब्रेकही तापत नाहीत). कणकुंबी-चोर्ल्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावांतून निघणाऱ्यांसाठी मात्र सूचना: घाट उतरायचा असेल त्या दिवशी बॅटरी शंभर टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीत उताराची वीज शिरायला जागाच नसते, मग मोटरची ती रोखणारी ओढ मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

तिसरं कोल्हापूर. तुमच्या गावापासून एका बाजूने १४० किलोमीटर. लहान बॅटरीने तिथवर पोहोचणं होत नाही, वाटेत निपाणीच्या आसपास थांबावंच लागेल. मोठी बॅटरी पोहोचते, पण जेमतेम, आणि जेमतेम पोहोचण्यावर घरच्या माणसांना घेऊन निघू नये. दोन्हींसाठी थांबा धराच. मोठ्या बॅटरीला जाताना एक छोटा थांबा पुरतो आणि कोल्हापुरात जेवणाच्या वेळात भरून घेतली की परतीला पुन्हा एक छोटा. हायवेवरच्या डीसी चार्जरवर दहा ते ऐंशी टक्के व्हायला तासाभराच्या आत वेळ लागतो. परतीच्या वाटेवर दोनेकशे मीटरची चढण आहे, कोल्हापूर बेळगावपेक्षा खाली वसलेलं आहे, त्यामुळे येताना एखादं युनिट जास्तीचं धरा.

आता चार्जर. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण ‘फास्ट’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. हायवेवरचा डीसी चार्जर थेट बॅटरीला वीज देतो, गाडीतला चार्जर तिथे कामाला येतच नाही. ती सोय टियागो ईव्हीच्या लहान-मोठ्या दोन्ही बॅटऱ्यांना आहे. तुमचा मुलगा ज्या ७.२ बद्दल बोलतोय तो गाडीतला एसी चार्जर (हा एसी म्हणजे घरच्या विजेचा प्रकार, थंड हवेचा एसी नव्हे). तो फक्त घरच्या किंवा ऑफिसच्या विजेवर भरताना वेळ वाचवतो. कोल्हापूरच्या वाटेवर त्याने काही फरक पडणार नाही.

शेजाऱ्यांच्या कॉमेटमध्ये हाच शब्द आणखी फसवा आहे. तिच्या नावातलं ‘एफसी’ म्हणजे ७.४ किलोवॅटचा एसी चार्जर. १७.३ युनिटची बॅटरी त्याने सात तासांऐवजी साडेतीन तासांत भरते. हायवेवरच्या डीसी चार्जरवर ती गाडी भरतच नाही, कुठलंही व्हर्जन घ्या. मार्च २०२४ मध्ये आलेल्या एफसी मॉडेलांत मागच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा मिळाली, हा चार्जरपेक्षा मोठा फायदा आहे. बेळगावातल्या शहापूर किंवा वडगावच्या गल्लीत राहून शहरातच फिरणाऱ्याला तीन मीटरपेक्षाही आखूड अशी ती गाडी छान. तुमच्या आईला मात्र पुढची सीट दुमडून मागे शिरावं लागेल, कारण तिला दोनच दारं आहेत. तुमच्यापुरता तो विषय इथे संपतो. (कॉमेट भाड्याच्या बॅटरीवरही मिळते, ती योजना आली तेव्हा ४.९९ लाख आणि किलोमीटरमागे अडीच रुपये असा दर होता. महिन्याला दीड हजार किलोमीटर चालवणाऱ्याने अशी योजना कागदावर गुणाकार करूनच बघावी: तेवढ्याचे पावणेचार हजार दरमहा, विजेशिवाय.)

मग ७.२ घ्यावा का? साधा ३.३ किलोवॅटचा चार्जर रिकामी मोठी बॅटरी पावणेनऊ तासांत भरतो, पण तुमची बॅटरी रोज रिकामी होणार नाही. साडेआठ युनिट भरायला त्याला तीन तास पुरतात. मोठा चार्जर ते काम दीड तासात करेल, आणि दोन्ही वेळा तुम्ही झोपलेले असाल. त्या बदल्यात ३२ अँपिअरची लाईन, ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, भिंतीवरचा बॉक्स आणि हेस्कॉमकडून (आपली वीज कंपनी) आठ-दहा किलोवॅटचा मंजूर भार लागेल, आणि स्थिर आकार दर किलोवॅटमागे दरमहा वाढेल. काहीजण म्हणतात, गावात वीज कमी वेळ असते म्हणून मोठा चार्जर हवा. पण जिथे वीज अपुरी असते तिथे विजेचा दाबही (व्होल्टेज) पडलेला असतो, आणि १८० व्होल्टवर ३२ अँपिअर खेचायला गेलात तर अख्ख्या वाडीचे दिवे मंद होतील. दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर चालवणाऱ्याने तो जरूर घ्यावा. तुम्ही ते पन्नास हजार वाचवा आणि त्यातले दहा-पंधरा हजार पुढे सांगतो त्या कामाला लावा.

ते काम म्हणजे सॉकेट आणि अर्थिंग. गिझर वीस मिनिटं चालतो आणि थंड होतो. गाडी तेवढाच करंट सलग तीन ते नऊ तास ओढते. गिझरला वर्षानुवर्षं चाललेलं सॉकेट गाडीला आठवड्यात काळं पडतं, प्लॅस्टिक पिवळं होतं, जळका वास येतो. म्हणून मीटरपासून थेट वेगळी लाईन ओढा: ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (शॉक लागला की वीज तोडणारा) आणि एसीला वापरतात तसं लोखंडी पेटीतलं चांगल्या कंपनीचं १६ अँपिअरचं सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच लावू नका. मंजूर भार किती आहे ते बिलावर आर. आर. नंबरच्या (ग्राहक क्रमांकाच्या) आसपास छापलेलं असतं. गावातल्या जुन्या घरांना एक-दोन किलोवॅटच असतो. तो पाच करून घ्या.

अर्थिंग चांगलं नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून बंद पडतो आणि लोक गाडीला दोष देतात. खानापूर भागातल्या जांभ्या मातीत पावसाळ्यात सगळं ठीक चालतं. मार्च-एप्रिलमध्ये माती कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो आणि तक्रारी सुरू होतात. वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. फेज-न्यूट्रल २१० ते २४० व्होल्ट, फेज-अर्थ त्याच्याच जवळ, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट. पाचच्या वर गेलं तर नवीन खड्डा घ्या. आठ फूट खोल, कोळसा-मीठ किंवा तयार केमिकल, आणि उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी. हे मोजमाप गाडी बुक करण्याआधी करा. डिलिव्हरीनंतर केलं तर पहिले पंधरा दिवस बेळगावच्या चार्जरवर हेलपाटे घालावे लागतील.

गोठ्यातल्या पंपाच्या लाईनला मात्र हात लावू नका. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना सरकार वीज फुकट देतं ती पाणी उपसायला. तिच्यावर गाडी भरणं म्हणजे गैरवापर, आणि पकडलं गेलं तर दंड तुमच्याच नावावर. शिवाय शेतीची थ्री-फेज वीज दिवसाचे मोजके तास असते, तीही ठरावीक वेळेला येईल असं नाही. गोठ्यात ओल आणि गोमूत्राची वाफ असते, त्याने तांब्याचे संपर्क हिरवे पडतात. घुशी-उंदरांना वायर आवडते. गाडी तिथेच उभी करायची तर सॉकेट चार फूट उंच आणि जनावरांच्या उलट बाजूच्या भिंतीवर घ्या, आणि केबल जमिनीवर लोळू देऊ नका.

‘खर्च शून्य’ हेही जरा तपासू. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट घरगुती विजेच्या योजनेत, प्रत्येक घराची मर्यादा २०२२-२३ मधल्या सरासरी वापरावर थोडी वाढ देऊन ठरलेली आहे, सरसकट दोनशे नाही. त्या मर्यादेच्या वर पण दोनशेच्या आत राहिलात तर वरच्या युनिटांचं बिल येतं. दोनशे ओलांडले की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं. तुमची गाडी, भरतानाची दहा टक्के गळती धरून, महिन्याला २३० युनिटच्या आसपास खाईल. म्हणजे फुकट वीज जवळजवळ नक्की जाईल. घराचे सत्तर-ऐंशी आणि गाडीचे दोनशे तीस मिळून तीनशे युनिटचं बिल, पाच किलोवॅटच्या स्थिर आकारासह, अडीच-पावणेतीन हजारांच्या आसपास धरा. सध्या पेट्रोलला, लिटरला सतरा किलोमीटरने, नव्वद लिटर म्हणजे नऊ हजारांच्या वर जात असतील. साडेसहा हजारांच्या आसपास वाचतातच, फक्त शून्याची अपेक्षा ठेवून बसू नका. ईव्ही चार्जिंगची दरश्रेणी वेगळी आहे. तिच्यासाठी वेगळा मीटर घेतला तर घराचं गृहज्योतीचं गणित शाबूत राहू शकतं. हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात अर्ज करतानाच दोन्ही पर्यायांचा खर्च मागा.

कोल्हापूर पासिंगचा विचार सोडा. गाडी जिथे कायम राहते त्या राज्यात बारा महिन्यांनंतर नोंदणी करावीच लागते, आणि मग ना-हरकत, पत्त्याचे पुरावे, दोन आरटीओंच्या फेऱ्या. तुमची गाडी केए-२२ ची. चिकोडी-निपाणीकडच्या वाचकांची केए-२३. विक्रेत्याने जुन्या ८०-ईईबी कलमाखालच्या कर्जव्याजाच्या सवलतीचं आमिष दाखवलं तर लक्षात ठेवा, ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच आहे. विम्याच्या थर्ड पार्टी हप्त्यात लहान-मोठ्या बॅटरीने फरक पडत नाही, ४५ आणि ५५ किलोवॅटच्या दोन्ही मोटरी एकाच गटात येतात.

म्हणून माझं मत: मोठी बॅटरी, साधा ३.३ चा चार्जर आणि त्यात मिळणारं सगळ्यात खालचं ट्रिम (सजावटीची पायरी), म्हणजे एक्सटी एलआर. स्क्रीन, सीट कव्हर, कॅमेरा उद्या बाजारात बसवता येतो. नंतर बसवता न येणारी एकच सजावट तुमच्याकडे महत्त्वाची आहे, मागच्या काचेचा वायपर आणि डीफॉगर. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात मागचं दिसलं पाहिजे. तुम्ही ठरवलेल्या ट्रिममध्ये तो आहे का हे कोटेशनवर लिहून घ्या, आणि त्याच्यासाठी एक पायरी वर जावं लागलं तर मला ते पैसे वाया गेले असं वाटणार नाही. तसंच स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, हेही विचारा. रात्री नऊला जांबोटीच्या रानात टायरची बाजू फाटली तर किट उपयोगाला येत नाही.

गाडी आल्यावर महिन्यातून एकदा घरी सावकाश शंभर टक्के भरा. या लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीचा विजेचा दाब मधल्या टप्प्यात जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे पूर्ण भरल्याशिवाय गाडीला स्वतःची शिल्लक नीट कळत नाही आणि पडद्यावरचे किलोमीटर अचानक घसरतात. बाकीचे दिवस ऐंशी-नव्वदला थांबवलं तरी चालेल.

आणि टेस्ट ड्राईव्ह शोरूमभोवती फेरी मारून संपवू नका. गाडी गावापर्यंत आणायला सांगा. आईला आधी पुढे, मग मागे बसवून बघा: गुडघा दाराला न लागता पाय आत येतो का, आणि उतरताना तिला कोणाचा हात लागतो का. परत पाठवण्याआधी गाडी तुमच्या नव्या सॉकेटला अर्धा तास लावा. नंतर प्लग काढून तिन्ही पिनांना लगेच बोट लावा. कोमट असतील तर ठीक. चटका बसला तर वायरमनला त्याच संध्याकाळी पुन्हा बोलवा.